गंज, बॅटरी आणि इंधन घट: विद्युत रसायनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षेची तयारी करणारे, गाडीची बॅटरी अकाली गेली म्हणून हैराण झालेले, पत्र्याला गंज का चढतो याचं नीट उत्तर हवं असलेले, अशा सगळ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. वरवर पाहता हे विषय वेगवेगळे वाटतात. पण गंज, बॅटरी आणि इंधन घट (फ्यूएल सेल, म्हणजे बाहेरून इंधन घेत वीज देणारा घट) यांच्या मुळाशी एकच घटना आहे, आणि ती एकदा कळली की बाकीचं पाठ करावं लागत नाही. म्हणून पहिली चार उत्तरं सोडून पुढे जाऊ नका.

विद्युत रसायन म्हणजे नेमकं काय?

मोरचूदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवा. थोड्याच वेळात पट्टीवर तांब्याचा काळपट-तांबूस थर चढू लागतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका पडत जातो. जस्ताच्या अणूंनी इलेक्ट्रॉन दिले, तांब्याच्या आयनांनी (प्रभार असलेल्या अणूंनी) ते घेतले. देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. हा व्यवहार तिथल्या तिथे, हातोहात झाला आणि त्यातून फक्त थोडी उष्णता बाहेर पडली.

आता देणारा आणि घेणारा यांना एकमेकांपासून दूर ठेवा आणि मधे एक तार जोडा. इलेक्ट्रॉनांना जायला तेवढीच वाट उरते. ते तारेतून वाहतात, आणि वाहता वाहता दिवा लावतात किंवा मोटर फिरवतात. अभिक्रिया तीच, ऊर्जाही तीच. फक्त हातोहात होणारा व्यवहार आपण लांबच्या वाटेने करायला लावला. विद्युत रसायनाचा गाभा एवढाच आहे. बाहेरून वीज लावून आपणहून न होणारी अभिक्रिया घडवून आणणं, म्हणजे विद्युत अपघटन, ही त्याचीच दुसरी बाजू.

तार जोडली की झालं ना? मग क्षार सेतू कशाला लागतो?

नुसती तार जोडली तर प्रवाह क्षणभरही टिकत नाही. जस्ताच्या भांड्यात नवे धन आयन जमा होतात, तांब्याच्या भांड्यातले धन आयन कमी होतात. एका बाजूला धन प्रभार साचतो, दुसऱ्या बाजूला ऋण, आणि हा साचलेला प्रभारच पुढच्या इलेक्ट्रॉनांना अडवतो. द्रावणांमधून आयनांना ये-जा करायला मार्ग दिला, म्हणजेच क्षार सेतू जोडला, की हिशोब जुळत राहतो.

म्हणून कुठल्याही घटात दोन वाटा असतात: इलेक्ट्रॉनांसाठी धातूची, आयनांसाठी अपघटनीची, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या पदार्थाची. दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या असाव्या लागतात, आणि त्यांची सरमिसळ होऊन चालत नाही. बॅटरीतला विभाजक पडदा, इंधन घटातलं पटल, गंजणाऱ्या लोखंडावरचा पाण्याचा थेंब, या सगळ्यांकडे याच नजरेने बघा. गंज थांबवायचा असेल तर दोहोंपैकी एक वाट तोडायची, बॅटरी चांगली करायची असेल तर दोन्ही वाटा सुकर करायच्या.

ॲनोड धन असतो की ऋण? प्रत्येक पुस्तकात वेगळंच का लिहिलेलं असतं?

हा गोंधळ खरा आहे, आणि मराठीत तो जरा जास्तच होतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनाच्या धड्यात ही नावं चपखल बसतात, कारण तिथे ॲनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. पण तोच विद्यार्थी पुढे जस्त-तांब्याच्या डॅनियल घटाकडे येतो आणि वाचतो की जस्ताचा ॲनोड हे घटाचं ऋण टोक आहे. ‘धनाग्र ऋण असतो’ हे वाक्य त्याच्या गळी कसं उतरावं? दोष त्याचा नाही, नावाचा आहे. या लेखात मी मुद्दाम ॲनोड आणि कॅथोड हेच शब्द वापरले आहेत.

धन-ऋण विसरून जा. जिथे ऑक्सिडीकरण होतं तो ॲनोड, जिथे क्षपण होतं तो कॅथोड. ही व्याख्या कुठेही बदलत नाही. बॅटरी वापरात असताना ॲनोडवर इलेक्ट्रॉन मोकळे होतात, तिथून बाहेर पडतात, म्हणून ते टोक ऋण. अपघटनात बाहेरचा स्रोत ॲनोडवरून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून ते टोक धन.

१८३४ साली मायकल फॅराडे यांनी विल्यम ह्युएल या विद्वानाच्या सल्ल्याने हे शब्द रूढ केले. मूळ ग्रीक अर्थ आहेत ‘वर जाणारी वाट’ आणि ‘खाली जाणारी वाट’. त्या शब्दांत धन-ऋण कुठेच नव्हतं.

एक पुरवणी जोडायला हवी. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी अभिक्रिया उलटते, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर ॲनोड आणि कॅथोड यांची अदलाबदल होते. पण बॅटरी क्षेत्रातले लोक ऋण टोकाला कायम ॲनोडच म्हणतात. लिथियम बॅटरीबद्दल वाचताना ‘ग्रॅफाइटचा ॲनोड’ असं दिसलं तर ते वापराच्या वेळचं नाव आहे असं समजा.

घटाचा व्होल्टेज कशावर ठरतो? मोठा सेल आणि छोटा सेल दोन्ही १.५ व्होल्टचे कसे?

इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याची प्रत्येक पदार्थाची ओढ वेगळी असते. हायड्रोजनला शून्य धरून ही ओढ व्होल्टमध्ये मोजली की प्रमाण क्षपण विभवांचा तक्ता मिळतो. लिथियम −३.०४, ॲल्युमिनियम −१.६६, जस्त −०.७६, लोखंड −०.४४, तांबं +०.३४, चांदी +०.८०. वरचे धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतात, खालचे धरून ठेवतात. दोन पदार्थ निवडायचे आणि त्यांच्या विभवांतला फरक काढायचा. जस्त आणि तांबं यांच्या डॅनियल घटासाठी तो ०.३४ वजा (−०.७६), म्हणजे १.१० व्होल्ट येतो.

या आकड्यांत पदार्थाच्या वजनाचा उल्लेख कुठेच नाही हे लक्षात घ्या. उंच टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो, रुंदीवर नाही. तसंच हे आहे. मोठ्या सेलमध्ये माल जास्त असतो, म्हणून तो जास्त वेळ चालतो आणि जास्त प्रवाह देऊ शकतो. व्होल्टेज मात्र तेवढाच. याच कारणाने समीकरणाला दोनने गुणलं तरी विभवाला दोनने गुणायचं नसतं. परीक्षेतली ही हमखास चूक आहे.

तक्ता सांगतो की अभिक्रिया कुठल्या दिशेला जाईल. ती किती वेगाने जाईल हे तो सांगत नाही. पुढे ॲल्युमिनियमच्या उत्तरात हा फरक फार महत्त्वाचा ठरणार आहे.

नर्न्स्टचं समीकरण प्रत्यक्षात कशासाठी वापरतात?

तक्त्यातले आकडे ठरावीक संहतीला (द्रावणात पदार्थ किती दाट आहे त्याला) आणि २५ अंश सेल्सिअसला लागू असतात. संहती बदलली की व्होल्टेज किती सरकेल, हे वॉल्टर नर्न्स्ट यांचं १८८९ सालचं समीकरण सांगतं. २५ अंशांना संहतीचं गुणोत्तर दहापट बदललं तर विभव ०.०५९२ भागिले इलेक्ट्रॉनांची संख्या इतका बदलतो. डॅनियल घटात दोन इलेक्ट्रॉन असल्याने हा बदल जेमतेम ०.०३ व्होल्ट भरतो. बदल एवढा लहान आहे म्हणूनच घट बराच रिकामा होईपर्यंत त्याचा व्होल्टेज फारसा ढळत नाही. द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप; जितका जास्त तितकं द्रावण अल्कधर्मी) मोजणारं उपकरणही याच समीकरणावर चालतं.

फॅराडेचे नियम नुसते गणितापुरते आहेत का?

उलट, या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. एक मोल (कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या) इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोम प्रभार; एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलोम. एवढं लक्षात ठेवलं की वीज आणि वजन यांचा थेट हिशोब मांडता येतो.

तांब्याच्या विलेपनात, म्हणजे विजेने मुलामा चढवताना, २ अँपिअर प्रवाह एक तास सोडला तर ७,२०० कूलोम होतात. म्हणजे ०.०७४६ मोल इलेक्ट्रॉन. तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ०.०३७३ मोल तांबं, वजनात साधारण २.३७ ग्रॅम.

हाच हिशोब जमिनीत पुरलेल्या नळाला लावा. कुठून तरी भरकटलेला फक्त १ अँपिअर प्रवाह नळात शिरून एका जागी जमिनीत बाहेर पडत राहिला, आणि तो सगळा लोखंड विरघळवण्यात खर्च झाला, तर वर्षभरात जवळपास ९ किलो लोखंड नाहीसं होतं. विजेवर धावणाऱ्या रेल्वेमार्गांजवळ नळ टाकताना अभियंते या भरकट्या प्रवाहाची एवढी काळजी का घेतात, ते या एका आकड्यातून कळतं.

आणि मोबाइलमधली ४,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी? तिच्यात १४,४०० कूलोम मावतात. म्हणजे चार्ज करताना आणि वापरताना सुमारे एक ग्रॅम लिथियम इकडून तिकडे जा-ये करत असतं. फक्त एक ग्रॅम. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा आकडा चुकला असं वाटून पुन्हा करून पाहिला होता.

लोखंड गंजतं म्हणजे नेमकं काय होतं?

लोखंडाच्या तुकड्यावर एक बॅटरी तयार होते, आणि तिची दोन्ही टोकं आधीपासूनच एकमेकांना जोडलेली असतात. पृष्ठभागाच्या एका भागात लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन म्हणून पाण्यात उतरतात, तो ॲनोड. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या भागाकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेऊन हायड्रॉक्साइड आयन बनवतो, तो कॅथोड. पाण्याचा पातळ थर आयनांची वाट पुरवतो. लोखंडाचे आयन आणि हायड्रॉक्साइड वाटेत भेटतात, त्यांवर आणखी ऑक्सिजनची क्रिया होते आणि तांबूस, भुसभुशीत गंज तयार होतो. या सगळ्यातली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी हे एका थेंबात दाखवलं. स्वच्छ पोलादावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि त्यात दोन दर्शक घालायचे: एक लोखंडाच्या आयनांजवळ निळा होणारा, दुसरा हायड्रॉक्साइडजवळ गुलाबी. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो आणि कड गुलाबी. कडेला पाणी उथळ, हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोचतो, म्हणून ती कॅथोड बनते. मधोमध ऑक्सिजन कमी पोचतो, तो भाग ॲनोड होतो आणि तिथलं लोखंड विरघळतं.

हे आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. ऑक्सिजनमुळे गंज लागतो म्हणून जिथे ऑक्सिजन जास्त तिथे झीज जास्त असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ऑक्सिजनची टंचाई असलेली जागा खचते. नट-बोल्टच्या खाली, चिखल साचलेल्या कोपऱ्यात, सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली पोलाद आधी पोखरलं जातं ते यामुळेच. वरून दिसणारा गंज आणि आत पडलेलं भोक पुष्कळदा एकाच जागी नसतात.

मिठाच्या पाण्याने गंज लवकर का चढतो?

दोन कारणांनी. मीठ विरघळलं की आयनांची वाट प्रशस्त होते, प्रवाह वाढतो. शिवाय क्लोराइड आयन धातूवरचा संरक्षक थर जागोजागी फोडतात.

दोन वेगळे धातू एकत्र जोडू नयेत असं का म्हणतात?

कारण मग ॲनोड कोण होणार याचा निकाल आधीच लागलेला असतो. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या अलार्म या जहाजाच्या लाकडी तळाला किड्यांपासून वाचवण्यासाठी तांब्याचे पत्रे ठोकले होते. खिळे होते लोखंडाचे. दोनेक वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तांब्याला लागून असलेले खिळे गंजून गेले होते. जिथे पत्र्याखालचा जाड कागद चुकून शाबूत राहिला होता, तिथले खिळे मात्र चांगल्या स्थितीत होते. व्होल्टाने पहिली विद्युत रास रचली ती त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १८०० साली. म्हणजे त्या काळी या प्रकाराला नावसुद्धा नव्हतं, तरी उपाय त्या कागदाने दाखवून दिला होता: दोन धातूंचा स्पर्श तोडा.

या प्रकारात क्षेत्रफळाचं प्रमाण फार घातक ठरतं. कॅथोड मोठा आणि ॲनोड लहान असेल तर मोठ्या पृष्ठभागाला लागणारा सगळा प्रवाह त्या इवल्याशा तुकड्याला पुरवावा लागतो. तांब्याच्या पत्र्यात लोखंडी खिळा म्हणजे विनाश ओढवून घेणं. लोखंडी पत्र्यात तांब्याचा खिळा पुष्कळ काळ तग धरतो. म्हणूनच दोन धातूंच्या जोडावर रंग द्यायचाच झाला तर कॅथोडला द्यावा. फक्त ॲनोड रंगवला आणि त्या रंगाला एक ओरखडा पडला, तर सगळा प्रवाह त्या ओरखड्यावर एकवटतो आणि तिथेच आरपार भोक पडतं.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ओरखडला तरी टिकतो, कथिलाचा मुलामा दिलेला का टिकत नाही?

जस्त लोखंडापेक्षा जास्त तयारीने इलेक्ट्रॉन देतं. ओरखड्यात लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त ॲनोड होऊन स्वतः झिजतं आणि लोखंडाला कॅथोड करून वाचवतं. कथिलाचा विभव −०.१४, म्हणजे लोखंडापेक्षा जास्त; ते इलेक्ट्रॉन कमी तयारीने देतं. ओरखडा पडला की लोखंडच ॲनोड होतं, तेही इवलंसं.

मात्र तक्त्यातला क्रम हा त्रिकालाबाधित नियम नाही. हवाबंद डब्यात फळांची आम्लं कथिलाच्या आयनांना बांधून टाकतात, ऑक्सिजन नसतो, आणि मग डब्याच्या आतल्या बाजूला कथिलच लोखंडाचं रक्षण करतं. तसंच साधारण ६० अंशांपेक्षा गरम पाण्यात, पाण्यातल्या क्षारांनुसार, जस्त आणि लोखंड यांची भूमिका उलटू शकते. गरम पाण्याच्या टाकीसाठी धातू निवडताना हे विसरून चालत नाही.

कॅथोडिक संरक्षण म्हणजे काय?

जस्त लोखंडासाठी जे करतं तेच मुद्दाम घडवून आणायचं. जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, पुरलेल्या नळांना मॅग्नेशियमचे ठोकळे तारेने जोडतात. ठोकळे झिजतात, ठरावीक काळाने बदलायचे. मोठ्या नळवाहिन्यांना बाहेरून एकदिश प्रवाहही पुरवतात.

ही कल्पना हम्फ्री डेव्ही यांची. १८२४ साली त्यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांब्याची झीज थांबली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग पूर्ण यशस्वी. पण समुद्रात गेल्यावर जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ दाटीवाटीने चिकटलं आणि त्यांचा वेग मंदावला. तांबं थोडंथोडं विरघळत होतं तेव्हा त्याचे विषारी आयन या जीवांना दूर ठेवत होते. झीज थांबली आणि विषही थांबलं. एखादी अभिक्रिया बंद करण्यापूर्वी ती आणखी कोणतं काम करते आहे हे पाहावं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तक्त्यात ॲल्युमिनियम लोखंडाच्या खूप वर आहे. मग ते आधी गंजायला हवं ना?

ते गंजतंच, आणि क्षणार्धात. पण तयार होणारा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, घट्ट आणि एकसंध असतो. त्यातून ऑक्सिजनही जात नाही आणि इलेक्ट्रॉनही. अभिक्रिया स्वतःच स्वतःचं दार लावून घेते. लोखंडाचा गंज भुसभुशीत असल्याने त्याला हे जमत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि तेच असा थर बनवतं.

या थराला दुरुस्तीसाठी ऑक्सिजन लागतो. म्हणून स्टेनलेस स्टील मोकळ्या हवेत उत्तम राहतं, आणि क्लोराइड असलेल्या पाण्यात, बंद फटीत अडकलं की सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांनी पोखरलं जातं.

काँक्रीटच्या आतलं पोलाद कसं गंजतं?

ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि त्या वातावरणात पोलादावर संरक्षक थर टिकून राहतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो आणि पीएच ९ च्या आसपास आणतो, किंवा खारी हवा क्लोराइड आणते. थर मोडतो, गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं. त्याला जागा लागते. काँक्रीट आतून फुटतं, भेगांतून आणखी पाणी शिरतं. सळईवर काँक्रीटचं पुरेसं आवरण ठेवा असं सांगतात ते या झिरपण्याला उशीर व्हावा म्हणून.

बॅटरीत वीज साठवलेली असते का?

नाही. साठवलेले असतात ते एकमेकांशी अभिक्रिया करायला उत्सुक असलेले पदार्थ. बॅटरी रिकामी झाली तरी तिच्यातले इलेक्ट्रॉन कमी झालेले नसतात. जितके एका टोकातून निघाले तितकेच दुसऱ्या टोकातून परत आले. संपते ती अभिक्रियेची ओढ.

गाडीची शिशाची बॅटरी वापरली नाही तर खराब का होते?

गास्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये बनवलेल्या या बॅटरीत एक पट्टी शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि मधे सल्फ्युरिक आम्ल. एका घटाला सुमारे २ व्होल्ट, सहा घटांचे १२. वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल खर्च होऊन पाणी तयार होतं. म्हणूनच आम्लाची घनता मोजून बॅटरी किती भरलेली आहे हे सांगता येतं: पूर्ण भरलेली असताना १.२८ च्या आसपास, रिकामी होताना ती उतरत जाते.

ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं, चार्जिंगमध्ये परत जातं. बॅटरी रिकामी पडून राहिली तर हेच कण मोठे, कठीण स्फटिक होतात आणि मग परत फिरत नाहीत. उभी गाडीसुद्धा थोडी वीज खात असते, बॅटरी आपोआपही थोडी उतरते. म्हणून न वापरलेली बॅटरी मरते ती उपासमारीने.

पाणी कमी झालं तर ऊर्ध्वपातित पाणीच घाला, आम्ल नको. जास्त चार्जिंगमध्ये पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात. आम्ल आतच राहतं. आणि हायड्रोजन निघतो म्हणूनच चार्जिंगच्या जागी हवा खेळती हवी, ठिणगी नको.

लिथियम-आयन बॅटरीत वेगळं काय आहे?

इथे कुठलीही पट्टी विरघळत नाही. लिथियमचे आयन एका बाजूला ग्रॅफाइटच्या थरांमध्ये आणि दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडच्या थरांमध्ये शिरतात आणि निघतात. घराची रचना तशीच राहते, राहणारे बदलतात. स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या कामावर ही बॅटरी उभी आहे. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

एका घटाला ३.६ ते ३.७ व्होल्ट मिळतात. एवढ्या व्होल्टेजला पाणी टिकत नाही, म्हणून कार्बनी द्रावक वापरतात. खरं तर तोही ग्रॅफाइटजवळ टिकत नाही. पहिल्या चार्जिंगमध्ये तो थोडा विघटित होतो आणि ग्रॅफाइटवर एक पातळ थर बनतो, जो लिथियमला जाऊ देतो आणि इलेक्ट्रॉनांना अडवतो. ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडची आठवण झाली असेल तर ती योग्यच आहे. हा थर नसता तर ही बॅटरी अस्तित्वातच आली नसती, आणि वर्षानुवर्षं तो जाड होत लिथियम गिळत जातो हे तिच्या म्हातारपणाचं एक मुख्य कारण.

कायम १०० टक्के चार्ज ठेवणं वाईट का? थंडीत चार्ज करू नये हे खरं का?

दोन्ही खरं. पूर्ण भरलेल्या अवस्थेत व्होल्टेज सर्वाधिक असतो, त्यामुळे नको असलेल्या उपअभिक्रिया वेग घेतात. उष्णतेची जोड मिळाली तर आणखी. बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर अर्धी भरून थंड जागी ठेवावी. शून्य अंशाखाली लिथियमला ग्रॅफाइटमध्ये शिरायला वेळ लागतो. त्याच वेळी चार्जिंग जोरात असेल तर ते बाहेरच धातू म्हणून साचतं. हे साचणं सुयांसारखं वाढलं तर विभाजक भेदून आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

अशा बॅटरीची आग लवकर का विझत नाही?

कारण उष्णता आतूनच येत असते. तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की ग्रॅफाइटवरचा थर मोडू लागतो आणि उष्णता सोडतो. पुढे विभाजक वितळतो. त्यानंतर ऑक्साइडमधून ऑक्सिजनही सुटतो. बाहेरची हवा तोडून भागत नाही, भरपूर पाण्याने थंड करत राहावं लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीत ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून ती जास्त सुरक्षित. बदल्यात व्होल्टेज ३.२ च्या आसपास आणि त्याच वजनात ऊर्जा कमी. फुगलेली बॅटरी कुठल्याही प्रकारची असो, चार्ज करू नका, टोचू तर मुळीच नका.

इंधन घट आणि बॅटरी यांत फरक काय?

बॅटरीत अभिक्रियेचा माल आत भरलेला असतो. इंधन घटात तो बाहेरून येत राहतो. हायड्रोजन ॲनोडवर येतो, इलेक्ट्रॉन सोडून प्रोटॉन होतो. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेने. पलीकडे ऑक्सिजन दोघांना घेऊन पाणी बनवतो. गंजणाऱ्या लोखंडाच्या कॅथोडवरही हाच ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेत होता. लोखंडाच्या जागी हायड्रोजन आला आणि मधे तार घातली, एवढाच काय तो फेरफार.

विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये याचा प्रयोग केला, पण उपयोगात यायला सव्वाशे वर्षं गेली. अपोलो यानांत अल्कलाइन इंधन घट होते. ते वीज देत आणि त्यांतून निघालेलं पाणी अंतराळवीर पीत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा वीज आणि पाणी दोन्ही एकदम का संकटात आलं, हे यावरून समजतं.

इंधन घटाची कार्यक्षमता शंभर टक्के असते का?

तो उष्णता इंजिन नसल्याने कार्नोची मर्यादा (उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाच्या कार्यक्षमतेची कमाल सीमा) त्याला लागू नाही, हे खरं. पण त्याची स्वतःची मर्यादा आहे. एक मोल हायड्रोजन जळून द्रवरूप पाणी झालं तर २८६ किलोज्यूल ऊर्जा निघते, त्यातली वीज म्हणून जास्तीत जास्त २३७ मिळू शकते. म्हणजे ८३ टक्के. ही २३७ म्हणजेच १.२३ व्होल्ट. प्रत्यक्ष कामाच्या वेळी घट सुमारे ०.७ व्होल्ट देतो, कारण ऑक्सिजनचं क्षपण फार संथ आहे. त्याला ढकलण्यातच बराच व्होल्टेज खर्ची पडतो. त्या हिशोबाने कार्यक्षमता ४७ टक्क्यांच्या आसपास येते.

मग पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवायचा आणि नंतर त्यापासून वीज घ्यायची, हे परवडतं का?

आकडे मांडून पाहा. विघटनाला किमान १.२३ व्होल्ट हवा, प्रत्यक्षात १.८ च्या आसपास लागतो. परत मिळतो ०.७. म्हणजे दर शंभर भाग विजेतले एकोणचाळीस भाग हाती येतात, तेही हायड्रोजन दाबून भरण्याचा खर्च न धरता. लिथियम बॅटरी नव्वदच्या वर परत देते. म्हणून रोजच्या साठवणुकीला आणि छोट्या वाहनांना बॅटरी सरस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हायड्रोजनची बाजू वजनात आहे: एका किलोत सुमारे ३३ किलोवॉट-तास ऊर्जा. जिथे महिनोन्महिने साठवायचं आहे, किंवा बॅटरीचं वजनच झेपणार नाही, तिथे हे नुकसान सोसणं पटू शकतं.

इंधन घटात प्लॅटिनमच का लागतं?

कमी तापमानाच्या घटात, म्हणजे ६० ते ८० अंशांना, त्या संथ ऑक्सिजनला वेग देणारं आणि आम्लात टिकणारं दुसरं काही प्लॅटिनमइतकं चांगलं मिळालेलं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अगदी थोडा अंशही प्लॅटिनमला चिकटून ते निकामी करतो, म्हणून हायड्रोजन अतिशुद्ध लागतो. ६०० ते १,००० अंशांना चालणाऱ्या घन ऑक्साइड घटांना प्लॅटिनम लागत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड त्यांना इंधन म्हणून चालतो. पण ते तापायलाच बराच वेळ घेतात, आणि वारंवार तापण्या-निवण्याने त्यांच्या सिरॅमिक थरांना तडे जातात.

जुने आणि नवे सेल एकत्र का वापरू नयेत?

एकसर जोडणीत सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. जुना सेल आधी संपतो, पण नवे सेल त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि त्याच्यात उलटी अभिक्रिया घडवतात. आत हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढतो आणि सील फुटून अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा जो पांढरा थर बनतो, तो दाहक असू शकतो. उघड्या हातांनी खरवडू नका. हातमोजे घालून थोड्या व्हिनेगरने ओला केलेल्या कापसाने पुसा आणि उपकरणाचे पत्रे पूर्ण कोरडे झाल्यावरच नवे सेल घाला, सगळे एकाच वेळी.